आत्मसात की राजसात?

काल कट्ट्यावर परत हद्दवाढच निघाली. मंदार कटिंग हातात धरून भाषणाच्या मूडमध्ये, म्हणे पुण्यानं गावं आत्मसात केली, 2017 ला 11, 2021 ला अजून 23, क्षेत्रफळात मुंबईला मागं टाकलं, वगैरे वगैरे.

सच्या फुरसुंगीचा, म्हणजे त्या 11 पैकीच एका गावचा. "आत्मसात कुठं रे, गिळली म्हण सरळ."

झालं, मंदारचं संस्कृत जागं झालं. दहावीचे संस्कृतचे मार्क हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो. म्हणाला, "सात् हा प्रत्यय आहे, पाणिनीनं सांगितलेला. लाकडाची पूर्ण राख झाली की भस्मसात, परकं ते आपलं झालं की आत्मसात, राजाच्या ताब्यात गेलं की राजसात."

"मग तो शेवटचा आमचा," सच्या म्हणाला. "आपलं मानलं असतं तर शहराचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या दारात आला असता का? डेपोला आग लागली की धूर आम्ही खाल्लाय, भस्मसात तू मला नको शिकवू."

"अरे पण विकास..."

"कसला विकास? 2017 ला आत घेतलं, 2024 ला उरुळी देवाची आणि आम्हाला बाहेर काढून वेगळी नगरपरिषद. पचलं असतं तर ओकलं असतं का?"

मंदार चहात बघत बसला. मला सच्याचंच पटलं, अगदी शंभर टक्के. कोथरूडपण कधीकाळी गावच होतं की, त्याला आज कोण समाविष्ट गाव म्हणतं? पण किरकटवाडी, नांदेड, नऱ्हे, वाघोली यांच्यामागचं 'समाविष्ट' काही सुटत नाही, नकाशात आत आणि पाण्याच्या लायनीत बाहेर. 2025 च्या जानेवारीत जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या त्या आजाराचे, पेशंट वाढले आणि संशय पाण्यावर आला तेव्हा कुठं सगळ्यांना यातली काही गावं आठवली, त्याआधी तिथल्या विहिरीच्या पाण्याचं कुणाला पडलं होतं? हे बोलताना माझा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

तेवढ्यात पिंट्या, "मंद्या, तुझी सासुरवाडी हडपसर ना? नावातच हडप आहे, म्हणून माझी ट्रेकची सॅक परत येत नाही."

"ती मी आत्मसात केली," मंदार.

"राजसात!" सगळे एकदम ओरडलो, आणि सच्या एवढा हसला की चहा मंदारच्या पांढऱ्या शर्टावर.