रोल संपला की धुणार

मी चित्रं काढते, म्हणजे पोटासाठी काढते, मुलांची पुस्तकं, मासिकं, आणि पावसाळ्यात दिवाळी अंक. लोकांना वाटतं ही बाई सकाळी खिडकीत बसते, पावसाकडे बघते आणि चित्र आपोआप कागदावर सांडतं. खरं सांगू का, माझा सकाळचा पहिला तास घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढण्यात जातो, त्यात ज्यांना आधीच टोक आहे त्याही आल्या. मग ब्रशचं पाणी बदलायचं, मग नीबवर वाळलेली शाई नखानं खरवडायची, मग चहा, मग त्या चहात ब्रश बुडवायचा (हे मुद्दाम नाही, पण होतंच), मग दुसरा चहा.

तर यंदा ऑगस्टमध्ये एका दिवाळी अंकाची कथा आली, त्यात एक भाजीवाली होती, पुण्याच्या मंडईतली. संपादक म्हणाले, ताई, गणपतीच्या आत द्या. म्हटलं देते, मंडई तर घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, जाऊन रेफरन्सला एक फोटो काढते. एक फोटो! नवरा म्हणाला, मग पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे मामाचा कॅमेरा आहे हे तो सोयीस्करपणे विसरला.

मामाचा साताऱ्याला फोटो स्टुडिओ होता आणि तो बंद झाल्यावर यशिका मॅट १२४ जी माझ्याकडे आला. दोन भिंगांचा ठोकळा, गळ्यात अडकवायचा आणि वरून झाकण उघडून विहिरीत वाकून बघितल्यासारखं आत बघायचं. रोलमध्ये फोटो बसतात बारा. मामा अख्खं लग्न तीन रोलमध्ये काढायचा, अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत छत्तीस फोटो, त्यात कोणी डोळे मिटले तर जन्मभर मिटलेले. माझ्या फोनमध्ये नुसत्या मांजराचे चारशे आहेत आणि त्यातला एकही मी परत उघडून बघितलेला नाही. रोल आणि केमिकल धरून एका क्लिकला साधारण एक मिसळ पडते, जास्तीचा पाव न घेता. म्हणून मी मिसळीसारखाच विचार करून फोटो काढते, आज खरंच भूक आहे का, की उद्या जावं.

मंडईची ती जुनी इमारत १८८६ ची, इंग्रजांनी तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं होतं, पुढे महात्मा फुले मंडई झाली. आत उजेड असा वरून उतरतो, दगडी खांबांवरून घसरत घसरत, की गवारीच्या शेंगेवरची लवसुद्धा दिसते. पण दिसणं वेगळं आणि फिल्मवर येणं वेगळं. मामाचा नियम होता, कडक उन्हात भिंगाचं छिद्र सोळावर ठेवायचं आणि फिल्म चारशे स्पीडची असेल तर शटर पाचशेवर, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, डोकं चालवायचं नाही. आत मंडईत मात्र डोकं चालवावं लागतं. कॅमेऱ्यातलं मीटर जुन्या पाऱ्याच्या सेलवर चालायचं, ते सेल आता बंद झाले, मग मी उजेड मोजायला फोनमधलं ॲप उघडलं. नवरा पिशव्या धरून उभा होता, म्हणाला, फोन काढलासच ना, मग फोटो पण त्यानंच काढ की. याला उत्तर नाही, म्हणून मी दिलं नाही.

साडेतीन आणि तिसावा. म्हणजे छिद्र पूर्ण उघडं आणि शटर सेकंदाचा तिसावा भाग, म्हणजे मी हललेलं चालणार नाही आणि मावशींनी हललेलं पण चालणार नाही. आणि मावशी गवार तोलत होत्या!

आता या कॅमेऱ्याची खरी गंमत. आतल्या काचेवर चित्र सरळ दिसतं पण डावं-उजवं उलटं. मावशी डावीकडे सरकल्या की काचेवर उजवीकडे जातात, त्यांना मध्ये आणायला मी वळले की त्या आणखीच पळतात, मग मी एक पाऊल टाकते आणि कोणाच्या तरी कोथिंबिरीत पाय. एक काका येऊन विचारून गेले, विकायचाय का. एका पोरानं विचारलं, दाखवा कसा आला. म्हटलं, दोन-तीन महिन्यांनी ये. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघून गेला की मी रिकामा डबा गळ्यात घालून फिरतेय.

मावशी मात्र भल्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, एका हातात तराजू.

"ताई, काय मोजताय एवढं?"

"उजेड, मावशी."

"मोजा. फुकट आहे तो."

वीस मिनिटं मी त्या काचेत बघत होते. तराजूची दांडी स्थिर व्हायच्या आधी किंचित थरथरते, मावशी वजनाकडे बघतच नाहीत, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतात, आणि पारडं समान झाल्यावर चार शेंगा वरून टाकतात त्या उपकार केल्यासारख्या नाही, तर विषय संपवल्यासारख्या. फोनवर हे मला दिसलं नसतं, मी काढून पुढे गेले असते. श्वास सोडला, बटण दाबलं. टिक. मावशींना कळलंसुद्धा नाही. "काढा आता," म्हणाल्या.

घरी आले तर रोलमध्ये पाच फोटो शिल्लक. अर्धा रोल धुवायचा म्हणजे पाच मिसळी गटारात. तेव्हा रोल संपला की धुणार. गणपती तोंडावर, संपादकांचे दिवसाला दोन फोन, शेवटी डोळ्यांत बसलेल्या त्या काचेवरूनच चित्र काढलं. आधी काड्यापेटीएवढे आठ थंबनेल, त्यातलं पहिलंच बरं होतं (नेहमी पहिलंच असतं, पण बाकीची सात काढल्याशिवाय ते कळत नाही), मग रफ, मग लाइटबॉक्सवर ठेवून शाई. पाटीवर ‘गवार ३० पाव’ काचेत उलटं दिसलं होतं ते मी आठवणीनं सरळ लिहिलं, तेवढी अक्कल होती. शेवटी नेहमीप्रमाणे चित्र आरशासमोर धरलं. आरशात चुका दिसतात, नाक कललंय, खांदा घसरलाय वगैरे. या वेळी चित्र आरशातच जास्त बरं दिसत होतं. मला वाटलं थकलेय मी. पाठवून दिलं.

हेन्री कार्तिए-ब्रेसाँ एवढा मोठा फोटोग्राफर, सत्तरच्या दशकात कॅमेरा बाजूला ठेवून चित्रं काढायला लागला. मी चित्रं काढायची सोडून कॅमेऱ्यात वाकून बसते. त्याच्या मागे बहुतेक संपादक नव्हते.

अंक आला तेव्हा घरात चकल्या चालल्या होत्या. सासूबाईंनी हात पुसून पान उघडलं, चष्मा वर केला, खाली केला.

"छान आहे गं. पण ही गुजराती आहे का?"

"नाही हो आई, मंडईतली आहे. नऊवारी नाही का दिसत?"

"नऊवारी दिसतेय. पण पदर उजव्या खांद्यावर कसा? आणि तराजू डाव्या हातात."

पोटात गोळाच आला. तरी मी म्हटलं, असंच होतं, मी स्वतः बघितलंय वीस मिनिटं. त्या म्हणाल्या, फोटो दाखव. मी म्हटलं, रोल संपायचाय. मग त्यांनी मला समोर उभं करून तो संपवायला लावला, पाचही फोटो चकलीचे, दहा मिनिटांत. पाच मिसळी. रात्री बाथरूममध्ये डेव्हलपर वीस अंशावर आणायला फ्रीजमधला सगळा बर्फ घातला, साडेसात मिनिटं टाकी उलटी-सुलटी केली, आणि फिल्म बाहेर काढून पंख्याखाली टांगली. सकाळी स्कॅन केली. पदर डाव्या खांद्यावर. जिथे महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईचा असतो तिथे. माझाही, वर्षातून दोनदा.

अंकाची प्रत मावशींना द्यायचं कबूल केलं होतं. नेऊन दिली, म्हटलं आता ऐकायचं. त्यांनी पान बराच वेळ बघितलं, शेजारणीला दाखवलं, पदराबद्दल कोणी काही बोललं नाही. मग मावशींनी पाटीवर बोट ठेवलं.

"तीस कुठं ताई, चाळीस झाली की आता."