कॉपीराइट फक्त प्रकाशकांसाठी असतो म्हणे

तो मेसेज परत फिरतोय. "कॉपीराइट प्रकाशकांनी स्वतःसाठी करून घेतला, लेखकाला काही मिळत नाही, त्यांच्या संघटना ज्ञान कोंडून ठेवतात, आता लायब्रऱ्या बंद पाडायला निघालेत, तेव्हा पीडीएफ बिनधास्त शेअर करा." मी अनुवाद करते, याच कामावर माझं घर चालतं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी इतिहास. इंग्लंडमधे १७१० च्या कॉपीराइट कायद्यासाठी पुस्तकविक्रेत्यांनीच खटपट केली होती, एवढं खरंय. पण त्यांच्या पदरात पडलं ते वेगळंच, नव्या पुस्तकाचा हक्क सुरू होणार लेखकापासून आणि मुदत फक्त १४ वर्षं, लेखक हयात असला तर अजून १४. त्यांना तो कायमचा पाहिजे होता, तेही १७७४ मधे हाऊस ऑफ लॉर्ड्सने फेटाळलं. म्हणजे प्रकाशक मागतात ते सगळं मिळतंच असं नाही, आणि मिळू नयेच.

लेखकाला काही मिळत नाही? रॉयल्टी कमी असते, ती तक्रार माझीही आहे. पण एका प्रकाशकाने मला दोन वर्षं हिशेबच दिला नव्हता, फोन केला की "बघतो, कळवतो", शेवटी करारात हिशेब थकला तर हक्क परत घ्यायची अट होती ती काढून दाखवली आणि पुस्तक दुसरीकडे दिलं. आता कॉपीराइटच नसता तर मी परत काय घेणार होते? भाषांतर, ऑडिओ, सिनेमा हे सगळे हक्क वेगवेगळे विकता येतात तेही त्याच्याच जोरावर.

ज्ञान कोंडतात हे तर साफ चुकीचं. कॉपीराइट शब्दांवर असतो, कल्पनेवर किंवा माहितीवर नाही, पुस्तक वाचून त्यातली माहिती आपल्या शब्दांत सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. अंध वाचकांसाठी २०१३ मधे माराकेश करार झाला, प्रकाशकांच्या बाजूने आधी बऱ्याच शंका काढल्या गेल्या, तरी झाला, आणि जे देश त्यात आहेत तिथे अशा वाचकांसाठी ब्रेल किंवा ऑडिओ प्रत करायला साधारणपणे परवानगी मागावी लागत नाही.

लायब्ररीचा मुद्दा मात्र नीट बघायला पाहिजे कारण त्यात अर्धं खरं आहे. ज्या केसवरून हे सुरू झालं ती इंटरनेट आर्काइव्हची, म्हणजे पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन फुकट वाचायला देणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेची. छापील एक प्रत असेल तर डिजिटलही एकावेळी एकालाच, असं त्यांचं चाललेलं, मार्च २०२० मधे ती मर्यादाच काढली, जूनमधे चार मोठे प्रकाशक कोर्टात गेले, २०२३ ला निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला आणि २०२४ ला अपिलातही तोच राहिला. वाद स्कॅन करून वाटलेल्या प्रतींचा होता, लायब्ररीने विकत घेतलेलं छापील पुस्तक आजही कितीही जणांना देता येतं, त्याला कुणी हात लावलेला नाही. पण मोठ्या प्रकाशकांचं ई-बुक लायब्ररीला सहसा विकत मिळत नाही, लायसन्स मिळतं, ते बरेचदा दोन वर्षांत संपतं आणि तेच पुस्तक ठेवायला परत पैसे भरायचे. इथे प्रकाशकांना धारेवर धरा, मी तुमच्याबरोबर आहे. कॉपीराइटच्या मुदतवाढीलाही माझा विरोधच आहे, अमेरिकेत १९९८ मधे २० वर्षं वाढवली, त्याने गेलेला लेखक नवीन काय लिहिणार होता?

राहिलं पीडीएफ. माझंच पुस्तक मला एका ग्रुपवर आलं, खाली "ज्ञान वाटल्याने वाढतं" आणि हात जोडलेले. ६३ व्या पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय, आणि त्या अंगठ्याखाली जो परिच्छेद झाकला गेलाय त्याच्यावर मी आठ दिवस बसले होते. त्यात राग प्रकाशकावर काढलेला, आणि त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही तर पुढचं काम माझं जाणार आहे. पाठवणाऱ्या दादांना मी हे सगळं लिहून पाठवलं, त्यांनी फाइल डिलीट केली आणि पुस्तक कुठे मिळेल ते विचारलं.