बामणोलीची लाँच आधी गावकऱ्यांची

गेल्या रविवारी कोयनेच्या बॅकवॉटरवरच्या बामणोलीच्या धक्क्यावर एक आजी दीड तास ताटकळत उभ्या होत्या. सोबत तांदळाचं अर्धं पोतं, औषधांची पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. त्यांना पलीकडच्या काठाला जायचं होतं, पण जी ती लाँच वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांनी सकाळीच ठरवून ठेवलेली. आमच्या लाँचमध्ये जागा होती. लाँचवाल्याला म्हटलं, आजींना घ्या, वळसा पडला तरी चालेल.

त्या वळशात मला जेवढा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, कळला, तेवढा आधीच्या पाच-सहा फेऱ्यांत कळला नव्हता.

मधे एका ठिकाणी आजींनी पाण्याकडे बोट केलं. "हितं खाली आमचं घर व्हतं. परकर-पोलक्यात व्हते मी, तवा पाणी चढलं." कोयना धरणाचं काम 1956 मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत या खोऱ्यातली घरं, शेतं, देवळं, गावांना जोडणाऱ्या वाटा पाण्याखाली गेल्या. कोणी रायगड-ठाण्याकडे गेलं, कोणी सोलापूरकडे. जे राहिले ते डोंगराच्या अंगाला वर सरकले. आपण ज्याला बॅकवॉटर म्हणतो तो त्यांचा बुडालेला रस्ता आहे, आणि लाँच ही त्यांची एसटी.

काठ आला, पण धक्का कुठला? पाणी उतरलेलं, समोर नुसता लाल गाळ आणि भेगा. लाँचवाल्याने नाक काठात रुतवलं, बांबू रोवला, फळी टाकली. पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दुसरा हात आजींना दिला, "दमानं, आज्जी." फळी दोन वीत रुंद होती. त्या फळीवरून बाळंतीण कशी उतरत असेल, हे दिवसभर माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

पर्यटन वाढावं असं मलाही मनापासून वाटतं. मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र झालं, तापोळ्याला गर्दी वाढली, लाँचवाल्यांच्या घरी चार पैसे येतात, चांगलंच आहे. वासोट्याचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे वनखात्याचे नियम आहेत आणि लोक ते बऱ्यापैकी पाळतात. मग पाण्यावर एक साधा नियम का नसावा? सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची लाँच गावांसाठी राखून ठेवा, कितीही पर्यटक आलेले असोत. प्रत्येक लाँचमध्ये माणसागणिक लाइफ जॅकेट हवं, गावकऱ्यांनाही. त्यांना पोहता येतं म्हणून जॅकेट लागत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

तापोळ्याहून आहीरला पूल होतोय. तो व्हायलाच हवा, रात्री-अपरात्री आजारी माणूस घेऊन जायचा म्हटल्यावर पुलाला पर्याय नाही. पण एका पुलाने सगळे काठ जोडले जात नाहीत. पूल झाला म्हणून उरलेल्या वाड्यांची लाँच कोणी बंद करेल, एवढीच धास्ती आहे.

आणि तुम्ही जाणार असाल, तर स्पीडबोटीच्या पंधरा मिनिटांवर भागवू नका. लाँच करा, बामणोलीहून तापोळ्यापर्यंत सावकाश जा. एखाद्या वाडीला उतरा, कोणाच्या तरी घरी सांगून तांदळाची भाकरी खा, पैसे त्यांच्या हातात द्या. लाँच ठरवताना दोन जागा मोकळ्या ठेवा, आणि निघण्याआधी धक्क्यावर विचारा, पलीकडे कोणाला जायचंय का.