‘गिव्ह अप’ म्हणजे ‘हार मानणे’ नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्यांमध्ये एक छोटे टिपण मोठ्या विश्वासाने पुढे पाठवले जाते. त्यात तीन विधाने आहेत: ‘गिव्ह अप’ म्हणजे हार मानणे, हे बोलीतले रूप असल्याने औपचारिक लेखनात त्याऐवजी ‘सरेंडर’ लिहावे, आणि ‘गिव्ह’ व ‘अप’ यांच्यामध्ये दुसरा शब्द कधीही आणू नये. तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि पहिल्याने होणारे नुकसान सर्वांत मोठे आहे.

‘शी गेव्ह अप हर जॉब टु लुक आफ्टर हर मदर’ या वाक्याचे भाषांतर एका विद्यार्थिनीने ‘तिने नोकरीत हार मानली’ असे केलेले मी पाहिले आहे. आईच्या सेवेसाठी नोकरी सोडणारी ती मुलगी या भाषांतरात पराभूत ठरली, आणि त्याला कारण ते टिपणच. ‘गिव्ह अप’चा गाभा आहे तो आपल्याजवळचे काही सोडण्याचा. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. १९३६ साली ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याने सिंहासन सोडले, तेही इंग्रजीत याच क्रियापदाने सांगता येते. सवय, जागा, हक्क, आशा, प्रयत्न या सगळ्यांना आपले ‘सोडणे’ जसे चालते, तसेच हे क्रियापद चालते. कोडे सुटत नाही म्हणून कोणी नुसतेच ‘आय गिव्ह अप’ म्हणतो, तेव्हा कर्म उच्चारलेले नसते, प्रयत्न सोडल्याचे गृहीत असते, आणि तेवढ्यापुरते ‘हरलो’ हे भाषांतर शोभते. समोरच्याच्या दबावापुढे नमणे हा अर्थ मात्र ‘गिव्ह इन’चा आहे, आणि ‘गिव्ह अप ऑन’ एखाद्या माणसाला जोडले, की त्याच्याविषयीची आशा सोडली असे होते.

औपचारिकतेच्या आक्षेपाला उत्तर जुनेच आहे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये येशूच्या मृत्यूच्या प्रसंगी ‘गेव्ह अप द घोस्ट’, म्हणजे ‘प्राण सोडला’, असे शब्द आहेत. त्याहून गंभीर प्रसंग कोणता असणार? शिवाय ‘सरेंडर’ सगळीकडे बसतही नाही. गुन्हेगार स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करतो तिथे ते योग्य आहे, पण ‘ही सरेंडर्ड स्मोकिंग’ असे कोणी लिहीत नाही.

तिसरे विधान तर पाळणाऱ्याला हमखास चुकवते. कर्म नाम असेल तर ‘गिव्ह अप द जॉब’ आणि ‘गिव्ह द जॉब अप’ ही दोन्ही रूपे चालतात. परंतु कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते. ‘गिव्ह इट अप’ बरोबर, ‘गिव्ह अप इट’ चूक.