लाखाच्या आतलं गरीब कसं व्हावं

तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मुलाला चांगल्या इंग्रजी शाळेत घालायचंय? अगदी सोपं आहे. त्यासाठी आपल्या देशात कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, २००९ चा, आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० ला (तारीख काढणाऱ्याला दंडवत). त्याचं बारावं कलम सांगतं की खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत फुकट शिकवायचं. झालं की काम! तुम्ही फक्त दुर्बल व्हायचं. ते कसं व्हायचं हे मी गेले चार महिने शिकतोय आणि परवा मंगळवारी एका शाळेच्या काउंटरवर माझं शिक्षण पूर्ण झालं. ज्ञान दिल्याने वाढतं म्हणतात, म्हणून चार सूचना.

सगळ्यात आधी घर नकाशावर सापडेल अशा ठिकाणी घ्या. ऑनलाइन फॉर्ममध्ये गूगलच्या नकाशावर एक लाल फुगा येतो. तो ओढत नेऊन बरोब्बर आपल्या घरावर सोडायचा. तिथून शाळेचं अंतर मोजतात, आणि एक किलोमीटरच्या आतल्यांचा नंबर आधी. ताईंचं घर कॅनॉलच्या कडेच्या वस्तीत. नकाशात तिथं एक करडा पट्टा आहे, गल्ली वगैरे काही नाही. ताई माझ्या लॅपटॉपसमोर ओढणीला पीठ पुसत उभ्या. "काका, त्या पिवळ्या देवळाच्या मागं सोडा की." नकाशात देऊळ आहे, पिवळं आहे का ते कळत नाही. "मग पाण्याच्या टाकीपासून चौथं घर धरा." टाकी नाहीच. अर्धा तास आम्ही तो फुगा दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं करत होतो. हसू नका. फुगा चुकला तर पडताळणीत प्रवेश रद्द होतो. आमची सोसायटी मात्र त्याच नकाशावर नाव, गेट आणि जिमच्या फोटोसकट हजर आहे. साडेचार तारेसुद्धा मिळालेत.

घरमालक असा निवडा जो भाडेकरार दुय्यम निबंधकाकडं नोंदवून देईल. पत्र्याची खोली भाड्यानं देणारा असा मालक तुम्हाला भेटला तर मलाही कळवा, मला त्याच्याबरोबर फोटो काढायचाय.

शाळा 'अल्पसंख्याक' निघाली तर पुढची बघा. त्यांना कायदाच लागू नाही.

आणि कागद लॅमिनेट करू नका. ताईंनी केले होते. 'मूळ प्रत अशी चालत नाही', असं ऐकून आलो.

आता मुख्य विषय, गरिबी. ही फार नाजूक गोष्ट आहे, हाताबाहेर जाऊ देऊ नका. जातीचा दाखला असेल तर उत्पन्न विचारत नाहीत. ताईंना तो लागू नाही, म्हणून त्यांना तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हवा. मर्यादा वर्षाला एक लाख. महिन्याचे किती होतात? आठ हजार तीनशे तेहतीस. आता ताईंचे यजमान एका आयटी पार्कच्या गेटवर बारा तास उभे असतात आणि हातात तेरा हजार येतात. बारा गुणिले तेरा करा. गेले की नाही लाखाच्या वर! श्रीमंत माणूस. वर ताई चार घरी पोळ्या करतात, म्हणजे घरात नुसती सुबत्ता. या राज्यात सरकारनंच ठरवलेलं किमान वेतन महिनाभर हातात पडलं तरी वर्षाचा हिशोब लाखापलीकडं जातो. म्हणजे कायद्यानं पगार मिळाला की कायद्यानं गरीब राहता येत नाही. तेव्हा पालकांनो, मालक किमान वेतन बुडवत असेल तर तक्रार करू नका. तो तुमच्या पोराच्या शिक्षणाची सोय करतोय.

आणि गंमत बघा, याच देशात दुसरेही एक गरीब आहेत. २०१९ ला घटनेत १०३ वी दुरुस्ती झाली, आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना दहा टक्के आरक्षण आलं. तिथं मर्यादा आठ लाख. घर हजार चौरस फुटांच्या आत असलं की झालं. आमच्या बिल्डिंगमधले फ्लॅट नऊशे चाळीसचे आहेत. त्यामुळं आमच्या मजल्यावरचा एक होतकरू तरुण, ज्याच्या वाढदिवसाला पार्किंगमध्ये डीजे होता, तो कायद्यानं दुर्बल आहे. रीतसर दाखला आहे त्याच्याकडं. माझी तक्रार नाही, सगळं नियमात आहे. फक्त एवढंच की महिन्याला सासष्ट हजार मिळवणारा आणि महिन्याला आठ हजार मिळवणारा दोघेही दुर्बल, आणि तेरा हजारवाला मात्र सबळ! हे गणित कुठल्या पाटीवर मांडलंय? आठ लाखवाल्याचा दाखला हातात आला की घरात पेढे वाटतात. एक लाखवाला दाखला मागायला गेला की खिडकीतला माणूस डोळे बारीक करून विचारतो, "लाखात घर कसं चालतं हो तुमचं?" अरे, नाहीच चालत! तुम्हीच आकडा ठरवलाय, तुम्हीच विचारताय! मग एजंट येतो, दीड हजार घेतो, आणि पुढं चार शहाणी माणसं चहा पिता पिता म्हणतात, "ते आरटीईवाले सगळे खोटे दाखले काढतात." काढतात ना. खरं बोलून आत शिरायला दार ठेवलंय कुठं?

ताईंचा दाखला कसा निघाला ते विचारू नका. निघाला. मला त्या एवढंच म्हणाल्या, "काका, कुणी विचारलंच तर पोळ्यांचे बाराशे देतो म्हणा." मी लगेच हो म्हणालो. जरा जास्तच लगेच. त्या कारणावर नंतर येतो.

मुलाचं जन्मवर्ष जपून निवडा. २०२४ च्या प्रवेशाला आलेल्या पोरांचं चुकलं. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य सरकारनं नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेनं पंचवीस टक्के द्यायची गरज नाही. शहरात अशी शाळा नाही अशी जागा शोधून दाखवा. पालक कोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती आली, १९ जुलैला उच्च न्यायालयानं तो बदल रद्दच केला. तोवर बाकीची पोरं शाळेत जाऊन महिना झाला होता. ही आपली घरात नवीन दप्तर पाठीला लावून आरशात बघत.

नशीबही हवं. २०२३ ला राज्यात जागा लाखभर आणि अर्ज साडेतीन लाखांच्या वर.

ताईंच्या मुलाचा नंबर लागला. सोडतीचा मेसेज आला त्या दिवशी त्यांनी माझ्या घरी शिरा केला, माझ्याच रव्याचा, पण साजूक तूप त्यांनी आणलं होतं. बूट त्याच संध्याकाळी आले. दोन नंबर मोठे, पुढं कापूस भरलेला.

आणि इथून शेवटची सूचना. शाळेत जाताना चेहरा बदलून जा. ताई दोनदा गेल्या होत्या. पहिल्यांदा वॉचमननं गेटवरूनच परत पाठवलं, 'आरटीईचं नंतर'. वॉचमन बरं का, यजमानांच्याच धंद्यातला. दुसऱ्यांदा काउंटरपर्यंत पोचल्या, तिथं सांगितलं, चौदा हजार पाचशे भरा. कसले? 'ॲक्टिव्हिटी'चे. फी माफ आहे, ॲक्टिव्हिटी माफ नाही. यात स्मार्ट बोर्ड आहे, स्केटिंग आहे, वार्षिक संमेलन आहे आणि 'इतर' आहे. मंगळवारी मी बरोबर गेलो. ताईंच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळे कागद. काउंटरवरच्या बाई त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "ए, तुला सांगितलं ना परवा." मग मान वर केली, मी दिसलो, आणि आवाज बदलला. "येस सर?"

तेवढ्यात मागं रांगेत एक ओळखीचं बोलणं ऐकू आलं. आमच्याच सोसायटीतल्या एक बाई, त्यांची मुलगी याच शाळेत. हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतपत: "ह्यांचं सगळं आपल्याच फीमधून भागवायचं. सरकार काही देतच नाही." सरकार देतं. मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये ठरलेत. वेळेवर देत नाही, वर्षानुवर्षं थकवतं, हे खरं. शाळांची ती ओरड खोटी नाही. पण थकवलं सरकारनं, आणि वसुली कुणाकडून? तर ज्याच्या बुटात कापूस आहे त्याच्याकडून!

आता मला उपरोध वगैरे जमत नाहीये, सरळ बोलतो.

लाज वाटली पाहिजे आपल्याला. पुण्यातल्या माणसांना तर जास्तच. याच गावातल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनला लिहून दिलं होतं की बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, आणि कर भरतो शेतकरी पण शिकतात वरचे. एकशे सत्तावीस वर्षांनी कायदा आला, तर आपण काय केलं? वर्गात ही चार-पाच पोरं आली की पालकांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप केला. वाढदिवसाला बोलवायचं नाही म्हणून 'फक्त जवळचे फ्रेंड्स'. संमेलनाचा ड्रेस अडीच हजारांचा ठरवला आणि ज्याला परवडला नाही तो झाड झाला, मागच्या रांगेतलं. आठवी संपली की कायदा संपतो, नववीला पूर्ण फीचा कागद घरी येतो, पोरगं शाळा सोडतं. मग आपण म्हणायचं, "बघा, संधी दिली होती, टिकलं नाही. शेवटी मेहनत लागते." कुणाची मेहनत काढता? ती बाई पहाटे साडेपाचला उठून चार घरच्या पोळ्या लाटते तेव्हा आपली पोरं क्लासला जायला डबा घेऊन बाहेर पडतात. तो डबा तिनंच भरलेला असतो. तिच्या पोराला अभ्यासाला बसवायला संध्याकाळी घरी कोण असतं? बाप गेटवर, आई तुमच्या ओट्यापाशी. आणि पोरगं तुमच्या पोराच्या शेजारच्या बाकावर बसलं तर तुमचं इंग्रजी बिघडतं?

रांगेतल्या त्या बाईंना मी काहीच बोललो नाही. लिफ्टमध्ये रोज भेटतात. आणि मीसुद्धा काही मोठा नाही. ताईंना मी अडीच हजार देतो, दोन वर्षांपासून तेवढेच. दिवाळीला वाढवू म्हणून दोन दिवाळ्या काढल्या. 'बाराशे सांगा' म्हणाल्या तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल? बरं झालं, या वर्षी वाढवायला नको, त्यांचंच नुकसान.

काउंटरवर मी केलं तरी काय? कायद्याचं पुस्तक काढलं नाही, आवाज चढवला नाही. चौदा हजार पाचशे सक्तीचे आहेत, हे लिहून द्या, एवढंच इंग्रजीत म्हणालो. बाई आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या. "सर, ते ऑप्शनल आहे. राहू दे." प्रवेश झाला. ताई दोनदा येऊन जे झालं नाही ते माझ्या इस्त्रीच्या शर्टानं आणि एका वाक्यानं झालं.

रिक्षात ताई गप्प होत्या. सिग्नलला म्हणाल्या, "काका, तुम्ही आत काय बोललात ते मला लिहून द्या. पुढच्या वर्षी परत मागतील. आणि दर वेळी तुम्ही कुठं याल?"

डायरीचं पान फाडून देवनागरीत लिहून दिलं: आय वाँट इट इन रायटिंग. त्यांनी दोनदा वाचलं, घडी केली आणि साडीच्या पिशवीत उत्पन्नाच्या दाखल्याशेजारी ठेवलं. लॅमिनेट करू का म्हणून विचारत होत्या. म्हटलं, हे करा.