अकरा लाख जास्त कसे द्यावेत

गेल्या मंगळवारी दुपारी, ऐन मीटिंगमध्ये फोन आला. "सर, हिंजवडी-माण साइडला टू बीएचके बघताय ना?" नाही म्हणायच्या आत बाईंनी प्रोजेक्टचं नाव घेतलं आणि माझी बोलती बंद झाली. कारण मी त्याच प्रोजेक्टमध्ये राहतो. बी टॉवर, सातवा मजला. बाई मला बी टॉवरचाच चौदावा मजला विकत होत्या. "रेडी पझेशन आहे सर, ओसी, म्हणजे भोगवटा दाखला आलाय, त्यामुळे जीएसटी नाही. बॉक्स प्राइस ७६ लाख, सगळं आत. आणि आज टोकन दिलंत तर मॉड्युलर किचन आमच्याकडून."

मला हेच घर, सात मजले खाली, सगळं धरून ८७ ला पडलं. किचन मी केलं.

तेव्हापासून झोप नाही. रात्री दोनला वर बघतो, तर छतावर सात मजले आणि त्यांच्यावर ते फुकटचं किचन. म्हटलं, आपला अनुभव असा वाया जाऊ नये. नव्या टाउनशिपमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाला हे जमायला हवं, आणि जमतं. फार कष्ट पडत नाहीत.

सगळ्यात आधी मुहूर्त. दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया. त्या दिवशी ऑफर असते आणि रात्री बाराला ती संपते. पुढच्या रविवारी तीच ऑफर दुसऱ्या नावानं पुन्हा लागते, पण तुम्ही तोवर थांबायचं नाही. मी २०२२ च्या दसऱ्याला बुक केलं. आपट्याची पानं आणि टोकनचा चेक एकाच हातात होते. सोनंच लुटायचं होतं, कोणाचं ते विचारायचं राहून गेलं.

साइटवर सहकुटुंब जा. पोरांना फुगे आणि पॉपकॉर्न मिळतं, सासऱ्यांना एसी मिळतो, बायकोला सॅम्पल फ्लॅट मिळतो. तिथला पलंग नीट बघू नका. माझ्या मेव्हण्यानं त्यावर आडवं होऊन बघितलं, तर पावलं बाहेर. खोल्यांना दारंही नसतात, त्यामुळे घर कसं मोकळं वाटतं. टेप बरोबर नेऊ नका, अपमान होतो त्या लोकांचा.

मग भिंतीवरचा तो तक्ता. लाल टिकली म्हणजे विकलं, हिरवी म्हणजे शिल्लक. आमच्या वेळी हिरव्या टिकल्या चारच होत्या. "सर, लास्ट फोर." त्या चारांतला एक मिळाला म्हणून मी घरी पेढे आणले होते. चौदावा मजला तेव्हा लाल होता, मला पक्कं आठवतंय. टिकली बहुतेक पावसात गळून पडली असावी. किती फ्लॅट बुक झालेत ते बिल्डरला दर तिमाहीला महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर टाकावं लागतं, पण एवढा रंगीत तक्ता समोर असताना साइट कोण उघडतो?

ब्रोशरमधली अंतरं मिनिटांतच वाचा. किलोमीटर हा निराशावादी माणसांचा शब्द आहे. आमच्या ब्रोशरमध्ये भूमकर चौक बारा मिनिटांवर आहे, आणि ते खरं आहे, पहाटे चारला मी स्वतः जाऊन बघितलं. माण-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये, ब्रोशरमध्ये ती तेव्हापासूनच धावते आहे. रिंगरोड आहे. पुरंदरचं विमानतळसुद्धा आहे, जणू आम्ही रोज संध्याकाळी फिरायला तिकडंच जाणार. टँकर मात्र ब्रोशरमध्ये कुठंच नाही. तो न सांगता येतो. खरं म्हणजे सांगूनही येत नाही.

पार्किंगचं काही विचारू नका. विचारलं की पैसे पडतात.

बांधकाम चालू असतानाच घ्या. म्हणजे ५ टक्के जीएसटी भरता येतो, जुन्या घराचं भाडं भरता येतं आणि बँकेचं प्री-ईएमआय, म्हणजे ताब्याआधीचं नुसतं व्याजही भरता येतं, तिन्ही एकदम. वाट बघणारा माणूस ओसी आल्यावर येतो, जीएसटी देत नाही, भिंतीला ओल आहे का ते हात लावून बघतो आणि वर घासाघीस करतो. असल्या लोकांत आयुष्याची मजा नाही.

बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे भाव बरोबर असणार, यावर ठाम राहा. हिशेब मांडून मन कलुषित करू नका. तरीही मांडायचाच असेल तर मांडा: ६० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता ५२ हजारांचा. पहिल्या हप्त्यात व्याज साडेबेचाळीस हजार, मुद्दल साडेनऊ. तीन वर्षांत तुम्ही पावणेएकोणीस लाख भरता आणि मुद्दल कमी होतं चार लाखांनीसुद्धा नाही. आणि बँकेला पडत्या भावाची धास्ती का नसते? तर ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे ८० टक्क्यांची. उरलेले २० टक्के तुमचे. स्टँप ड्युटी तुमची, जीएसटी तुमचा, नोंदणीचे ३० हजार तुमचे. भाव पडला की आधी हे सगळं जातं. बँकेच्या पैशापर्यंत झळ पोचायला वेळ लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घर केवढ्याला घेतलं ते कोणाला सांगू नका. कधीच नाही. शेजाऱ्यानं विचारलं तर "अर्ली बर्ड होतो, स्वस्तात पडलं" म्हणा. ऑफिसात विचारलं तर "आता कोटीच्या घरात गेलंय" म्हणा. सासऱ्यांना तिसराच आकडा सांगा. आमच्या सोसायटीत २१२ फ्लॅट आहेत आणि किमान चारशे भाव आहेत.

यासाठी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप फार उपयोगी. आमच्यात गुरुवारी सूचना आली: कोणीही अमुक रेटच्या खाली विकू नये, बाहेर कोणी भाव विचारला तर कमिटीकडं पाठवावं, "आपल्या सर्वांच्या इन्व्हेस्टमेंटचा प्रश्न आहे." खाली साठ अंगठे. त्यात एक माझाही होता, कबूल करतो. याच ग्रुपनं दोन महिन्यांपूर्वी सी टॉवरच्या एका माणसाला फाडून खाल्लं. त्याची आई नाशिकला अंथरुणाला खिळलेली, याला तिकडं जायचं होतं, म्हणून ६६ ला देऊन मोकळा झाला. "सोसायटीचा भाव पाडला." "स्वार्थी लोक." ज्या बाईंनी हे लिहिलं त्यांच्या घरी त्याच माणसानं लॉकडाऊनमध्ये, जुन्या सोसायटीत असताना, औषधं नेऊन दिली होती. तो ग्रुप सोडून गेला. त्याच्या निरोपाला खाली टेम्पोपाशी मी धरून दोघंजण होतो.

आणि प्री-लाँचला इओआय, म्हणजे 'घ्यायची इच्छा आहे' एवढंच सांगणारी आगाऊ रक्कम, भरून एकेकानं पाच-पाच फ्लॅट उचलले, ताबा मिळाल्याच्या पहिल्याच महिन्यात सगळे एकदम बाजारात ओतले, त्यांना कोणी काही बोललं? ते ग्रुपमध्ये नव्हतेच. त्यांनी बिल्डरपेक्षा पाच लाख खाली विकायला काढलं, मग बिल्डर उतरला, कारण रिकाम्या फ्लॅटवर त्याचंही व्याज चढतंय. मग ती मंगळवारची बाई मला फोन करते. भाव कोणी पाडला? आईसाठी नाशिकला गेलेल्या माणसानं? अहो, भाव पडलेलाच नाही! तो ८७ कधी नव्हताच. ८७ हा एसी केबिनमध्ये एका पोरानं कॉस्ट शीटवर लिहिलेला आकडा होता. आपण तो मोठ्यांदा वाचला, सही केली आणि मग गावभर तो खरा आहे म्हणून सांगत सुटलो, कारण आपण फसलो हे कबूल करायची लाज वाटते.

मी तर त्याहून पुढं गेलो. ऑफिसातल्या एकाला म्हणालो, "घेऊन टाक रे, भाव वाढतच जाणार." त्यानं घेतलं, नववा मजला, माझ्यापेक्षा दीड लाख जास्त देऊन. रेफरलचं पन्नास हजारांचं व्हाउचर मला मिळालं. त्या व्हाउचरचा टीव्ही आज हॉलमध्ये आहे. कालपासून लावलेला नाही.

माठ घेताना चार ठिकाणी टिचक्या मारून बघणारी माणसं आपण. आंबे घेताना पेटी उलटी करून खालचा थर बघतो. आणि वीस वर्षांचा पगार गहाण टाकताना एका रविवारच्या दुपारी, पोर पॉपकॉर्न खातंय तेवढ्या वेळात सही करतो? नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, फुकट आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. कॅप्चा चार वेळा चुकतो, पाचव्यांदा उघडतं. कोणत्या मजल्याचा करार किती रकमेला झाला, ते इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्यावर, मराठीत लिहिलेलं असतं. मी ते काल रात्री पहिल्यांदा बघितलं. सही केल्यावर तीन वर्षांनी! माझ्या बुकिंगच्याच महिन्यात आमच्याच टॉवरमध्ये एकजण माझ्यापेक्षा सहा लाख कमी देऊन गेलाय. त्यानं काय केलं असेल? थांबला असेल, नाही म्हणाला असेल, उठून गाडीपर्यंत चालत गेला असेल. एवढंच करायचं होतं. तेवढं मला जमलं नाही, आणि तुम्हालाही जमणार नाही, कारण तुम्हाला भाव कळून घ्यायचाच नाहीये. तुम्हाला कोणीतरी "चांगला निर्णय घेतलात सर" म्हणायला हवं आहे.

आज सकाळी मी ग्रुपवर माझा आकडा टाकला. करार ७८, जीएसटी ३ लाख ९० हजार, सगळं धरून ८७, आणि खाली चौदाव्या मजल्याचे ७६. अकरा मिनिटांत ॲडमिननं मला काढून टाकलं. नवव्या मजल्यावरून अजून फोन आलेला नाही.

येत्या रविवारी आमच्या गेटवर फुगे लागणारच आहेत. तुम्ही येणार असाल तर सेल्स ऑफिसच्या आधी बी टॉवरला या, सातव्या मजल्यावर. मी घरीच असतो. कागद दाखवतो. टँकर आलेला असला तर चहाही देतो.