‘बारा तासांची ड्युटी, ओव्हरटाइम बंद’ हे खोटं आहे

महाराष्ट्रात बारा तासांची ड्युटी लागू झाली, आता ओव्हरटाइम द्यावा लागत नाही, असा मेसेज कारखानदारांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली, हे खरं. पण आठवड्याचे 48 तास तसेच आहेत. वरच्या तासांना दुप्पट दर. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या कामगार संहितेतही (नव्या कामगार कायद्यांत) तोच दुप्पट दर आहे.

तासाला 100 रुपये मिळवणारा कामगार आठवड्यात पाच दिवस बारा-बारा तास राबला, तर आठवड्याच्या हिशेबाने 48 च्या वर 12 तास जादा, म्हणजे 200 च्या दराने 2400 रुपये वेगळे. जादा कामाला त्याची संमतीही लागते. मालकांनो, पाळ्या नव्याने बसवा आणि मस्टरवर (हजेरीपटावर) येण्याजाण्याची खरी वेळ लिहा. हा कामगाराच्या घामाचा पैसा आहे.